कर्नाळ्याची टाकी आणि शहराखालच्या वाटा

पनवेल मागे टाकून महामार्गाने दक्षिणेकडे निघालेल्या प्रवाशाला थोड्याच वेळात झाडीतून वर आलेला एक उभा सुळका दिसू लागतो. हाताची मूठ मिटून अंगठा तेवढा ताठ धरावा, तसा त्याचा आकार. हा कर्नाळ्याचा किल्ला. १९६८ साली त्याच्या पायथ्याचे अरण्य पक्ष्यांसाठी राखून ठेवण्यात आले आणि तेव्हापासून कर्नाळा म्हटले की बहुतेकांना पक्षीच आठवतात. मान वर करून पाहणाऱ्यांचे हे स्थळ, अशी त्याची ख्याती झाली. परंतु ज्याला खाली, दगडाच्या पोटात पाहण्याची आवड आहे, त्यालाही येथे पुष्कळ शिकण्याजोगे आहे. सुळक्याच्या अगदी पायथ्याशी, कातळ कोरून, पाण्याची टाकी आणि धान्याची कोठारे एका ओळीत खोदलेली आहेत. वर रखरखीत खडक, खाली काळोख, आणि त्या काळोखात साठलेले पावसाचे पाणी. किल्ल्याचा सगळा इतिहास ह्या पाण्याच्या आधाराने उभा राहिला.

इंग्रजांनी ह्या डोंगराला 'फनेल हिल' असे नाव दिले होते. नाव ठेवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उपड्या ठेवलेल्या नरसाळ्याचा आकार असावा. नरसाळ्याचे काम वरून पडणारे पाणी गोळा करून अरुंद वाटेने खाली नेणे हे होय, आणि कर्नाळ्याचा सुळका नेमके तेच करतो. रायगड जिल्ह्यात पाऊस धो धो कोसळतो. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. तो सारा चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने गडावर राहणाऱ्या शिबंदीने काय प्यावे? डोंगरमाथ्यावर नदी नाही, ओढा नाही. तेव्हा सुळक्याच्या उभ्या अंगावरून ओघळणारे पाणी तो संपतो तेथेच धरायचे, ही युक्ती कुणा प्राचीन पाथरवटाला सुचली. टाके कातळाच्या आत खोदले म्हणजे त्यावर ऊन पडत नाही, पाणी कमी आटते, शेवाळही कमी धरते. टाके खोदताना निघालेला दगड तटबंदीच्या कामी लावण्याची रीत तर सह्याद्रीतील अनेक गडांवर दिसते. एकाच घावात पाणी आणि भिंत दोन्ही साधत.

आपल्या भाषेत दगड घडविण्याच्या हत्यारालाही 'टाकी' म्हणतात आणि पाणी साठविण्याच्या जागेलाही 'टाकी'. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण आपण मूर्तीच्या संदर्भात वापरतो. पाण्याच्या टाक्यालाही ती तितकीच लागू पडते. फरक एवढाच की मूर्तीला नमस्कार करणारे पुष्कळ असतात. टाके कोणी कोरले हे विचारणारे विरळा.

किल्ल्याचे धनी मात्र इतिहासाने नोंदून ठेवले आहेत, आणि त्यांत आपल्या वसईचाही एक दुवा आहे. देवगिरीच्या यादवांनंतर कर्नाळा गुजरातच्या सुलतानांकडे होता. १५४० साली अहमदनगरच्या निजामशहाने तो घेतला, तेव्हा गुजरातच्या बाजूच्या अधिकाऱ्याने वसईच्या पोर्तुगीज कप्तानाकडे, दों फ्रान्सिस्को द मेनेझेस याच्याकडे, मदत मागितली. पोर्तुगीजांनी कर्नाळा आणि पेणजवळचा सांक्शी असे दोन्ही किल्ले जिंकले. पुढे हे किल्ले आपल्याला राखणे परवडणार नाही असे गोव्याच्या व्हाइसरॉयला वाटले, आणि वार्षिक खंडणीच्या बोलीवर ते निजामशहाला परत करण्यात आले. नंतर शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेतला. त्यांच्या निधनानंतर तो मोगलांकडे गेला, मग पेशव्यांकडे आला, आणि १८१८ साली कर्नल प्रॉथरच्या फौजेने तो जिंकून इंग्रजी अमलाखाली आणला. पायथ्यापासून जवळच असलेल्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांचे आजोबा ह्या किल्ल्याचे किल्लेदार होते. झेंडे बदलले, भाषा बदलल्या. गडावर एक मराठी आणि एक फारसी असे दोन शिलालेख आजही सापडतात. ज्या कुणाची सत्ता असो, त्याच्या पहारेकऱ्याला पाणी मात्र ह्याच टाक्यांतून प्यावे लागले.

पाण्यासाठी कातळ कोरण्याची ही विद्या कोकणात किल्ल्यांच्याही आधीची आहे. कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत आणि त्यांतील बहुतेकांच्या दाराशी पाण्याचे टाके आहे. लेण्याच्या माथ्यावरील कातळात पन्हळी खोदून पावसाचे पाणी ह्या टाक्यांत वळविलेले दिसते. तेथील प्राकृत लेखांत टाक्याला 'पोढी' असा शब्द आहे. विहाराला पोढी खोदून देणे हे पुण्यकृत्य समजले जाई आणि दात्याचे नाव दगडावर कोरले जाई. नाणेघाटातील एका टाक्यावरील ब्राह्मी लेखात सोपाऱ्याच्या गोविंददासाने ते दान दिल्याची नोंद आहे. आपल्या वसई तालुक्यातील सोपाऱ्याचा हा माणूस घाटमाथ्यावरून जाणाऱ्या अनोळखी वाटसरूंसाठी पाण्याची सोय करतो, आणि सुमारे दोन हजार वर्षांनी आपण त्याचे नाव वाचतो! तान्हेल्याला पाणी देणे हे आपल्या धर्मशिकवणीत दयेच्या शारीरिक कृत्यांपैकी एक. त्या शिकवणीचे नाव ह्या भूमीत पोहोचण्यापूर्वीच तिचा अर्थ येथील माणसांना ठाऊक होता, असे म्हणावयास हरकत नाही.

काळोखात उतरण्याचा छंद

गेल्या काही दशकांत महाराष्ट्रात गडकोट हिंडणाऱ्या तरुणांची संख्या पुष्कळ वाढली. त्यांतील बरेचजण तट-बुरूज पाहून, छायाचित्रे काढून परततात. काही मात्र टाक्याच्या काठावर पालथे पडून आत विजेरीचा झोत टाकतात, दोरीला दगड बांधून खोली मोजतात, आतल्या खांबांची संख्या टिपून ठेवतात. त्यांच्यापैकी काहीजण पुढच्या खेपेला घमेली आणि फावडी घेऊन येतात व वर्षानुवर्षे साचलेला गाळ उपसतात. सह्याद्री प्रतिष्ठान, दुर्गवीर प्रतिष्ठान अशा संस्थांच्या कार्यकर्त्यांनी अनेक किल्ल्यांवरील टाकी अशी मोकळी केली आहेत. पाण्याच्या बुजलेल्या जागा धुंडाळण्याचा हा छंद डोंगरावरचा. त्याचे एक शहरी भावंड आहे: शहराच्या रस्त्याखालून जाणाऱ्या जुन्या पावसाळी गटारांत, भुयारी पाटांत आणि बुजलेल्या ओढ्यांत उतरून त्यांचा माग काढणे.

अशा छंदाची कल्पना प्रथम ऐकणाऱ्याला किळस येईल. परंतु त्याची वंशावळ मोठी कुलीन आहे. बायबलच्या वाचकाला हिज्कीया राजा ठाऊक असतो. अश्शूरच्या स्वारीचे संकट समोर दिसत असताना त्याने गिहोन झऱ्याचे पाणी कातळातून नगराच्या आत आणले, असे राजांच्या दुसऱ्या पुस्तकात सांगितले आहे. हे भुयार ५३३ मीटर लांब असून जेरुसलेममध्ये आजही त्यातून पाणी वाहते. १८३८ साली एडवर्ड रॉबिन्सन हा अमेरिकन विद्वान आपल्या सोबत्यासह त्यात शिरला आणि पाण्यातून, काही ठिकाणी अक्षरशः सरपटत, पलीकडे निघाला. एवढ्या मोठ्या अभ्यासकाच्या नजरेतून एक गोष्ट मात्र निसटली. ती १८८० साली तेथे पाण्यात खेळणाऱ्या मुलांना सापडली. भिंतीवर प्राचीन हिब्रू लिपीत काही ओळी कोरलेल्या होत्या. दोन्ही टोकांकडून खोदत आलेल्या कामगारांच्या टोळ्यांना खडकापलीकडून एकमेकांचे आवाज कसे ऐकू आले, आणि अखेर टिकावाला टिकाव भिडून पाणी कसे वाहू लागले, याची ती हकीकत आहे. तीत राजाचे नाव नाही. खोदणाऱ्यांच्या त्या क्षणाची तेवढी आठवण आहे. राजाची कीर्ती ग्रंथात राहिली, कामगारांची काळोखात. आणि ती वर आणली पोरांच्या कुतूहलाने.

त्याच नगरात आणखी एक भुयार आहे. प्रभू येशूने जन्मांधाला ज्या शिलोह तळ्यात डोळे धुण्यास पाठविले, त्या तळ्याच्या पायऱ्या २००४ साली सांडपाण्याच्या नळाचे काम चालू असताना उघड्या पडल्या. तेथून मंदिराकडे चढत जाणाऱ्या प्राचीन फरसबंद रस्त्याखाली पावसाचे पाणी वाहून नेणारे मोठे गटार सापडले. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचा विध्वंस केला, तेव्हा लोक नगराखालच्या भुयारांत लपले होते, असे जोसेफस ह्या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. ह्या गटारात अखंड राहिलेली स्वयंपाकाची मडकी आणि नाणी मिळाली. वरचे वैभव जळून गेले. खालच्या गटाराने मात्र त्या कुटुंबांचे शेवटचे दिवस जपून ठेवले. आज यात्रेकरू त्यातून वाकून चालत जातात.

आधुनिक काळात पॅरिसने ह्या छंदाला प्रतिष्ठा दिली. नेपोलियनच्या कारकिर्दीत ब्रुनसो नावाच्या अधिकाऱ्याने १८०५ पासून सात वर्षे त्या शहराची विस्मृत गटारे पायी हिंडून त्यांचा नकाशा तयार केला. व्हिक्टर ह्यूगोने 'ले मिझेराब्ल' ह्या १८६२ च्या कादंबरीत आपल्या नायकाला, जखमी तरुणास पाठीवर घेऊन, त्याच गटारांतून चालविले. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच नादार ह्या छायाचित्रकाराने विजेच्या प्रकाशात तेथील छायाचित्रे घेतली, आणि १८६७ च्या जागतिक प्रदर्शनापासून पाहुण्यांना गटारांची सहल घडविण्याची प्रथा सुरू झाली. लंडनमध्ये चित्र निराळे होते. हेन्री मेह्यूने १८५१ च्या सुमारास लंडनच्या श्रमिकांविषयी लिहिताना 'टॉशर' लोकांचे वर्णन केले आहे. गटारांत उतरून नाणी, खिळे, धातूचे तुकडे वेचणारे हे गरीब लोक. एकाला जी सहल, ती दुसऱ्याची भाकर. हा भेद मनात ठेवणे अगत्याचे आहे. त्याकडे पुढे यावयाचे आहे.

पावसाळी गटारे धुंडाळण्याला संघटित छंदाचे रूप मिळाले ते ऑस्ट्रेलियात. २६ जानेवारी १९८६ रोजी मेलबर्नमधील काही किशोरवयीन मुलांनी 'केव्ह क्लॅन' नावाचे मंडळ स्थापन केले. त्या शहराखालच्या विटांच्या कमानी, काँक्रीटचे नळ, पाण्याचे धबधबे असलेले कक्ष यांना त्यांनी नावे दिली, नोंदी ठेवल्या. त्यांचा पहिला दंडक असा की पाऊस असेल तेव्हा गटारात पाऊल ठेवायचे नाही. दूर कुठे सर आली तरी सारे पाणी काही मिनिटांत एका नळात एकवटते आणि आतल्या माणसाला पळायला वाट उरत नाही. पाण्याइतकीच भीती हवेचीही असते. साचलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो. त्याचे प्रमाण वाढले की नाकाला वास येणेच बंद होते, आणि माणूस सावध होण्यापूर्वी कोसळतो. बहुतेक शहरांत विनापरवाना आत जाणे हा गुन्हाही आहे. तेव्हा हा छंद अनुकरणीय म्हणून येथे मांडलेला नाही. त्यातील कुतूहल तेवढे आपल्याला हवे आहे.

आपल्याकडील वाटा

कारण धुंडाळण्यासारखे आपल्याकडेही थोडे नाही. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळी, १७४९ च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्याकडे पाणी आणण्याचे काम सुरू झाले. माणूस आत उतरून सफाई करू शकेल असा हा दगडी बांधणीचा भुयारी पाट. वाटेत ठिकठिकाणी जमिनीवर डोके काढणारी झरोक्यांची बांधकामे आहेत. त्यांना 'उच्छ्वास' असे सुंदर नाव आहे. पाण्यालाही श्वास लागतो, हे त्या कारागिरांना कळत होते. ह्या पाण्यावर शहरातील हौद भरत. काळा हौद, सदाशिव पेठेतील हौद, बाहुलीचा हौद ही नावे पुणेकरांच्या तोंडी राहिली. त्यांना पाणी पुरविणारा पाट मात्र रस्ते आणि इमारती यांच्याखाली दिसेनासा झाला. अलीकडे इतिहासप्रेमी मंडळी उच्छ्वासांचा माग काढीत त्या पाटाची रेषा पुन्हा जोडू पाहतात.

त्याआधी शंभरावर वर्षे मलिक अंबराने १६१० साली वसविलेल्या खडकी नगराला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहरीने पाणी दिले होते. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी उताराने, पंपाशिवाय, शहरापर्यंत येई. अठराव्या शतकातील पाणचक्की अशाच एका नहरीच्या जोरावर फिरली. गुलाम म्हणून विकला गेलेला एक हबशी मुलगा पुढे निजामशाहीचा वजीर होतो आणि शहराला पाणी पाजतो, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात एखाद्या ओळीत आटोपते. त्या नहरीच्या उघड्या झरोक्यातून खाली पाहणाऱ्याला तिचा खरा आवाका कळतो.

वसईच्या किल्ल्यातील भुयार तर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. शालेय सहलीला आलेली मुले त्यात शिरताना किंचाळतात आणि बाहेर पडताना शूर झालेली असतात. चर्चच्या भग्न भिंतींपाशी रेंगाळणारे आपण, त्या भिंतींच्या पायाखाली पाणी कुठून येई आणि कुठे जाई हे मात्र क्वचितच विचारतो.

आणि मुंबई! ज्या शहराकडे आपल्या पिढ्यान्‌पिढ्या भाजी, फुले आणि दूध घेऊन गेल्या, त्या शहराखाली विटांच्या कमानींचे एक दुसरे शहर आहे. हेन्री कोनिबेअर याने १८५२ साली मुंबईच्या आरोग्यस्थितीवर अहवाल लिहिला. त्याच्याच योजनेनुसार विहार तलाव बांधला गेला आणि १८६० च्या सुमारास नळाने पाणी येऊ लागले. पाणी आले तसे सांडपाणीही वाढले, आणि पावसाचे पाणी तर होतेच. बेटांच्या मधले सखल भाग भरून काढलेल्या ह्या शहराला उतार फारसा नाही. म्हणून रस्त्यांखाली कमानदार गटारे बांधून पाणी समुद्राकडे नेण्यात आले. महापालिकेच्या बोलीत ह्या झाकलेल्या गटारांना 'ढापा' म्हणतात. समुद्रात व खाड्यांत उघडणारी त्यांची १८६ मुखे आहेत. ओहोटी असली की पाणी निघून जाते. भरती असली की समुद्रच त्या मुखांतून आत येऊ पाहतो.

ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि तोही ओहोटीच्या वेळी, एवढेच पेलण्याची ह्या जुन्या व्यवस्थेची शक्ती होती. १९९३ साली तयार झालेल्या 'ब्रिमस्टोवॅड' नावाच्या अहवालाने ती ताशी ५० मिलिमीटर करण्याची शिफारस केली. अहवाल बराच काळ कागदावर राहिला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि जे भुयारी शहर कुणाच्या खिजगणतीत नव्हते ते एका दुपारी सर्वांच्या दाराशी येऊन उभे राहिले. मिठी नावाची नदी आपल्या शहरात आहे, हे अनेक मुंबईकरांना त्या दिवशी प्रथम कळले. त्यानंतर उदंचन केंद्रे उभारली गेली, नाले रुंद झाले. तरीही २९ ऑगस्ट २०१७ रोजी तुंबलेल्या पाण्यातून घरी चालत निघालेले शहरातील एक नामवंत वैद्य उघड्या मॅनहोलमध्ये पडले आणि दोन दिवसांनी त्यांचे शव वरळीच्या किनाऱ्याजवळ मिळाले. ज्या वाटेने पाणी जाते तिचा नकाशा त्या शोकांतिकेने शहरापुढे मांडला. नकाशे असे शिकावे लागू नयेत.

पोटासाठी उतरणारे

आतापर्यंत आपण कुतूहलाने उतरणाऱ्यांचा विचार केला. आता आवश्यकतेने उतरणाऱ्यांचा केला पाहिजे. नाहीतर हा इतिहास अर्धा राहील. मेलबर्नचा मुलगा पावसाची चिन्हे दिसताच परत फिरू शकतो. आपल्या शहरांतील सफाई कामगाराला मात्र पाऊस जवळ आला की अधिक निकडीने उतरविले जाते. पहिल्याने पुठ्ठ्याच्या वहीत रेखाटलेला नकाशा घरी नेला. दुसऱ्याला तो नकाशा वहीशिवाय पाठ असतो, पण इतिहासकार त्याला विचारायला जात नाही. मुकादम झाकण उघडतो, कमरेला दोर बांधला जातो, क्वचित तोही नसतो. आत किती वेळ श्वास पुरेल याचा हिशेब कुणी केलेला नसतो. हे काम कुणाच्या वाट्याला येते, हे आपल्या देशात योगायोगाने ठरत नाही. ते जातीने ठरले, पिढ्यान्‌पिढ्या ठरले, आणि आपण सर्वांनी ते ठरू दिले.

कायदे झाले. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर १९९३ साली बंदी आली. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून गटारात व मैलाटाकीत माणूस उतरविणे हा गुन्हा ठरविला. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून असे मृत्यू पावलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाखांवर नेली. यंत्रेही आली. परंतु वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, एका कोपऱ्यात, ती बातमी अजून येतच राहते: एक उतरला, तो वर आला नाही म्हणून दुसरा उतरला, त्याच्यामागून तिसरा. दुसरा आणि तिसरा सोबत्याला वाचवायला गेलेले असतात. मित्रासाठी प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही, ही शिकवण आपण वेदीसमोर ऐकतो. तिचे आचरण रस्त्यातल्या एका उघड्या झाकणाखाली झालेले असते, आणि आपण नाकाला रुमाल लावून पुढे जातो.

यिर्मया संदेष्ट्याला त्याच्या शत्रूंनी दोरांनी टाक्यात सोडले होते. त्या टाक्यात पाणी नव्हते, केवळ चिखल होता, आणि तो त्यात रुतला. त्याला बाहेर काढले ते राजवाड्यातील एका कूशी सेवकाने, एबद-मलेखाने. तो परदेशी आणि परका. परंतु दोर काखेत रुतू नयेत म्हणून त्याने जुन्या चिंध्या व फाटकी वस्त्रे गोळा करून आधी ती खाली सोडली. संपूर्ण पुस्तकात ही एक बारीकशी गोष्ट. काळोखात असलेल्या माणसाच्या काखेत दोर रुतेल, इतका विचार ज्याच्या मनात येतो, त्याचे नाव लिहून ठेवावे असे पवित्र लेखकाला वाटले.

बावखल आणि गटार

आपल्या वसईच्या वाड्यांत पावसाचे पाणी धरण्याची स्वतःची पद्धत होती. बावखल हे तिचे नाव. पावसाळ्यात बावखल भरे, आजूबाजूच्या विहिरींना पाझर देई, आणि उन्हाळ्यात रहाटाने पानवेलींना, केळींना व भाजीच्या वाफ्यांना पाणी पुरवी. एका वाडीचे जादा पाणी चरातून दुसऱ्या वाडीकडे आणि तेथून खाजणाकडे जाई. ह्या वाटा लेखी नव्हत्या. त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना पाठ होत्या, आणि वाटेत बांध घालणाऱ्याला गाव जाब विचारी. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा तिच्या मुळाशीही हाच प्रश्न होता: जमिनीच्या पोटातले पाणी कुणाचे? पुढे अनेक बावखले मातीने बुजली आणि त्यांवर इमारती आल्या. चरांवर लाद्या पडल्या. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारचा पट्टा अनेक दिवस पाण्याखाली राहिला, घरे अंधारात बुडाली, लोकलगाड्या बंद पडल्या. पाणी तेवढेच जुने होते. त्याची वाट मात्र आपण विसरलो होतो, आणि ते बिचारे जुन्याच पत्त्यावर आले.

यास्तव पाण्याच्या जुन्या वाटा धुंडाळणे हा केवळ धाडसी तरुणांचा विरंगुळा राहू नये. गटारात उतरण्याची काहीच जरूर नाही. आपल्या गावातील बावखल, विहीर, चर, मोरी, साकव यांची नोंद पायी हिंडूनही होते. वयोवृद्धांना विचारता येते, जुने सातबारा व नकाशे पाहता येतात, पहिल्या पावसात छत्री घेऊन पाणी कुठे वळते ते पाहता येते. शाळेतील मुलांना हे काम खेळासारखे वाटेल, आणि शिलोहच्या भिंतीवरील अक्षरे मुलांनाच सापडली होती, हे त्यांना सांगावे. ह्या नोंदीत आणखी एक रकाना असावा: येथे सफाईला कोण उतरतो, त्याचे नाव काय, त्याला मुखवटा आणि दोर मिळतो की नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात शुद्ध पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. पाणी आणणे जितके पुण्याचे तितकेच वापरलेले पाणी वाहून नेणेही. गोविंददासाचे नाव आपण दगडावर वाचतो. गाळ उपसणाऱ्याचे नाव निदान ग्रामसभेच्या किंवा धर्मग्रामाच्या वहीत तरी यावे.

कर्नाळ्याच्या माथ्यावरून आज खाली पाहिले तर महामार्ग दिसतो, पनवेलची वाढती वस्ती दिसते, आणि पलीकडे नव्या विमानतळाचा प्रदेश. त्या विमानतळासाठी एक टेकडी सपाट करण्यात आली आणि उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला. नगर वाढणारच, त्याला विरोध करून भागत नाही. परंतु वळविलेल्या प्रत्येक प्रवाहाला नवी वाट लागते, त्या वाटेवर झाकण बसते, आणि पन्नास वर्षांनी त्या झाकणाखाली काय आहे हे सांगणारा कुणी उरत नाही. सुळक्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या पहारेकऱ्याला पाणी कुठून येते हे ठाऊक नसणे परवडत नव्हते. टाक्याला तडा गेला की पाणी संपे, आणि पाणी संपले की गड पडे. आपले गड आता सपाट भूमीवर आहेत, त्यांच्या टाक्या काँक्रीटच्या आहेत आणि त्यांच्या वाटा रस्त्याखाली गेल्या आहेत. तरीही पहारेकऱ्याचा तो जुना नियम तसाच लागू आहे.